दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगबद्दल

दादा, कमेंट नीट वाचली म्हणून उत्तर जरा मोठं देतोय. गुजरातमधल्या डांगातल्या शीळकरी कस्तूर या पक्ष्यावरच्या पोस्टमध्ये मी म्हटलं होतं की मोबाईलवर त्याची शीळ वाजवून त्याला बोलावू नका, त्यावर तुमचं म्हणणं की दोन मिनिटांनी पक्ष्याचं काय जातंय, बडोद्याहून पेट्रोल जाळून पोरांना न्यायचं आणि पक्षी न बघताच परत यायचं का, आणि पूर्वी तर लोक त्याला पिंजऱ्यात पाळायचे.

पाळायचे हे खरंय, गाण्याची अख्खी चाल शिकतो म्हणून पाळायचे, पण वन्यजीव कायद्याने आता ते बेकायदा आहे, बरंच झालं.

आता ती दोन मिनिटं. पावसाळा हा त्याचा विणीचा काळ, ओढ्याकाठच्या कपारीत शेवाळ-मुळ्यांचं घरटं असतं, आणि त्याच्या शिळेत हा ओढा माझा आहे हे दुसऱ्या नराला सांगणंही असतं. तुम्ही स्पीकर लावला की त्याला वाटतं कोणीतरी घुसलंय, मग खाणं सोडून, पिलांना भरवायचं सोडून तो त्या न दिसणाऱ्या नराला शोधत फिरतो. म्हणजे तुमच्या फोटोत जो इतका जवळ आलाय ना, तो भांडायला आलाय. आणि तुमची दोन मिनिटं संपली की मागच्या गाडीतल्यांची सुरू होतात, शनि-रविवारी गिरा धबधब्यावर किती गाड्या लागतात ते तुम्हीही बघितलंच असेल.

शिवाय तो असाही दिसतो हो! बडोद्याहून सकाळी निघून दुपारी पोचलात तर अवघड आहे, पण आदल्या रात्री डांगातल्याच महाल गावी मुक्काम करा आणि उजाडायच्या आधी नदीकाठी जाऊन बसा, बाकी पक्षी गप्प असतात तेव्हा हा सुरू होतो, अगदी एखादा मुलगा रमतगमत शीळ घालत चाललाय असं वाटतं, सूर मधेच वर चढतो, मधेच कुठेतरी भरकटतो. मग उजेड झाला की दगडांवर नजर ठेवा. खेकडा चोचीत धरून आपटत असतो. लांबून नुसता काळा दिसतो, ऊन पडलं की कपाळ आणि खांदे असे निळे चमकतात की पोरांना दुसरं काही दाखवायची गरजच पडत नाही.

पोस्टमधलं ते वाक्य मी काढणार नाही. जून-जुलैत जाणार असाल तर कळवा, कुठे बसायचं ते सांगतो.