टेस्टर पेटला नाही म्हणून फ्लुइड वॉर्मर सुरक्षित ठरत नाही

मराठवाड्यातल्या छोट्या रुग्णालयांच्या ग्रुपवर सध्या एक सल्ला फिरतोय. त्यात म्हटलंय की फ्लुइड वॉर्मरला, म्हणजे सलाइन पेशंटला जाण्याआधी गरम करणाऱ्या मशीनला, वेगळ्या लिकेज टेस्टची (गळणारा करंट मोजण्याची) गरज नाही: बॉडीला टेस्टर लावून बघा, मल्टिमीटरवर अर्थची बीप ऐका, लाइनला ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) असला की झालं. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्याची किंमत पेशंटला मोजावी लागेल.

आधी टेस्टर. अर्थ जोडलेली असते तेव्हा गळणारा करंट तिच्यातूनच निघून जातो. बॉडीवर व्होल्टेज उभं राहत नाही, मग टेस्टर पेटणार कसा? धोका आहे तो अर्थ तुटल्यावरचा, आणि तपासायची ती स्थिती. म्हणून सेफ्टी ॲनालायझर, म्हणजे लिकेज मोजायचं यंत्र, अर्थ मुद्दाम तोडून आणि लाइन-न्यूट्रल उलटसुलट करून मोजतो. वैद्यकीय उपकरणं तपासायच्या आयईसी ६२३५३ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार अर्थवाल्या मशीनचं डायरेक्ट पद्धतीने मोजलेलं लिकेज ५०० मायक्रोॲम्पियरच्या आत हवं.

बीपचंही तसंच. कॉर्डमधल्या अर्थ वायरचा एकच बारीक तंतू शिल्लक असला तरी मीटर वाजतो, कारण बीप काही ओहमपर्यंत येतच राहते. अर्थच्या वाटेचा रोध इथे हवा कॉर्डसकट जास्तीत जास्त ०.३ ओहम, तोही किमान २०० मिलिॲम्पियर करंट सोडून मोजलेला. मोजताना प्लगजवळ आणि मशीनच्या सॉकेटजवळ कॉर्ड हलवा. आकडा नाचला तर कॉर्ड बदला. बाहेरचा अर्थिंगचा खड्डा नवा आहे, हे त्यावर उत्तर नाही. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, खड्ड्याला पाणी लागतंच, पण तुटलेली कॉर्ड खड्ड्याने जोडली जात नाही.

सर्वांत घातक भरवसा आरसीसीबीवरचा. ३० मिलिॲम्पियर म्हणजे ३०,००० मायक्रोॲम्पियर. सलाइन विजेचं चांगलं वाहक आहे, आणि सेंट्रल लाइनमधून (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून) सलाइनचा तो स्तंभ थेट हृदयापाशी पोचतो. तिथे शंभरेक मायक्रोॲम्पियरही ठोके बिघडवू शकतात. म्हणूनच सीएफ प्रकाराला, म्हणजे थेट हृदयाशी जोडता येणाऱ्या मशीनला, ज्याच्या चिन्हात हृदय असतं, पेशंट लिकेजची (पेशंटमधून जाणाऱ्या करंटची) मर्यादा नेहमीच्या स्थितीत १० आणि एक दोष असताना ५० मायक्रोॲम्पियर आहे. शरीराला जोडायच्या पण हृदयाला नाही अशा बीएफ प्रकाराला १०० आणि ५००. आरसीसीबी जरूर बसवा, पण इतका कमी करंट त्याला कळतच नाही.

मग मोजायचं कसं? वॉर्मर आयव्ही स्टँडवरून काढून कोरड्या लाकडी टेबलावर ठेवा, नाहीतर स्टँडमधून करंट दुसऱ्या वाटेने जातो आणि आकडा खोटा कमी येतो. नेहमीचा सेट बसवून ०.९ टक्के सलाइनने भरा, हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. पेशंटकडच्या टोकाला धातूचा कनेक्टर लावून तिथे ॲनालायझरची लीड जोडा. आता थंड सलाइन चालू ठेवा, म्हणजे हीटर चालू राहील. हे चुकलं की सगळी टेस्ट फुकट जाते: तापमान गाठल्यावर रिले (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) उघडतो आणि तुम्ही हीटर सोडून फक्त कॉर्ड आणि फिल्टर मोजत बसता. ५०० व्होल्टच्या इन्सुलेशन टेस्टमध्येही हाच फसवा पास मिळतो, कारण मशीन बंद असताना रिले उघडाच असतो.

एप्रिल-मेमध्ये पास झालेलं मशीन श्रावणात नापास होऊ शकतं. सांडलेलं सलाइन वाळून आत मीठ राहतं; हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते ओल धरून करंटला वाट देतं. हीटरच्या आत इन्सुलेशनसाठी भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूडही ओल शोषते. त्यामुळे वर्षातली एक टेस्ट पावसाळ्यात ठेवा. दुरुस्तीनंतर तर प्रत्येक वेळी करा आणि तेव्हा ओव्हर-टेंपरेचर कटआउट (जास्त तापल्यावर हीटर बंद करणारा स्विच) कुणी शॉर्ट करून ठेवलाय का तेही उघडून बघा.

वहीत नुसतं 'ओके' लिहू नका, आकडा लिहा. मागच्या वेळी अर्थ तोडून मोजलेलं मशीनचं लिकेज ८० मायक्रोॲम्पियर होतं आणि यंदा २६० आलं, तर ५०० च्या मर्यादेच्या आत असूनही मशीन वापरातून काढून उघडायला हवं.