पंडिता रमाबाई आणि शारदा सदन : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या आक्षेपांना एका ओळीत आभार मानून वाटेला लावणं बरं दिसलं नसतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं म्हणणं असं की, रमाबाईंनी अमेरिकेतून पैसा आणून विधवांच्या नावाखाली मुली बाटवल्या, त्या मिशनऱ्यांच्या हातचं बाहुलं होत्या, आणि मी ते रमाबाईंवरच्या माझ्या लेखातून सोयीस्करपणे गाळलं.

पैशाची बाब लपलेली कधीच नव्हती. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षं खर्च उचलायचं कबूल केलं होतं आणि त्या भरवशावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन, म्हणजे विधवा मुलींना राहायची-शिकायची सोय, निघालं. मुलींना धर्म शिकवायचा नाही, ज्यांना आपला आचार पाळायचा त्यांनी पाळावा, ही अट होती. न्या. रानडे आणि डॉ. भांडारकर हे सुधारक सल्लागार झाले ते याच अटीवर.

पुढे काय झालं ते तुम्ही लिहिलंच आहे. काही मुली रमाबाईंच्या ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊन बसू लागल्या, टिळकांच्या 'केसरी'ने झोड उठवली, १८९३ मध्ये दोघाही सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी मुली नेल्या. रमाबाईंचं उत्तर होतं की मी माझ्या खोलीत प्रार्थना करते, दार उघडं असतं, कोणी आलं तर हाकलणार नाही. हा बचाव मला लंगडा वाटतो. जिच्याकडून अन्न, अक्षर आणि माया मिळते तिच्याकडे पोरकी मुलगी ओढली जाणारच, आणि रमाबाईंना एवढं कळत नसेल असं मी मानत नाही. इथवर तुमचं माझं जमतं.

पण मग गोदूबाई जोशींचं काय करायचं? आठव्या वर्षी विधवा झालेली ही मुलगी शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी. चार वर्षं रमाबाईंच्या छायेत राहिली, शिकली, हिंदूच राहिली आणि मार्च १८९३ मध्ये, म्हणजे ऐन गदारोळात, धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून बाहेर पडली. त्या लग्नापायी कर्व्यांवर त्यांच्याच गावच्या मुरूडकरांनी बहिष्कार घातला. तो घालणारे काही मिशनरी नव्हते!

'बाहुलं' हा शब्द तर मुळीच पटत नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतलेली ही बाई तिथल्या मठातल्या सिस्टरांशी सतत भांडत होती. ख्रिस्ताला देव मानायचं की नाही इथपासून वाद. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नकोत, हा त्यांचा प्रश्न. पुरुषांना शिकवू नका असं बिशपांनी सुचवलं तर त्याही बाबतीत त्या खमकेपणाने बोलल्या. खाणं शाकाहारीच ठेवलं. (वाँटेजच्या सिस्टरांना हे शिष्या म्हणून किती जड गेलं असेल, याची मला कधी कधी गंमत वाटते.) १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यातल्या सरकारी व्यवस्थेत बायकांचे कसे हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रातून जाहीरपणे मांडलं, तेही गोऱ्या सरकारला न विचारता. ख्रिस्ती झाल्या म्हणून साहेबाच्या झाल्या, असं काही दिसत नाही.

रमाबाईंनी पुढे काढलेलं केडगावचं मुक्ती सदन वेगळं. ते उघडउघड ख्रिस्ती होतं. तिथे आलेल्या मुलींपैकी कितीतरी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या होत्या. भुकेल्या मुलीचं धर्मांतर कितपत तिच्या मर्जीचं, हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. तिथे मी रमाबाईंची वकिली करणार नाही.

मात्र १८८९ च्या शारदा सदनाला तो न्याय लावू नका. त्या वेळी ब्राह्मण घरातल्या केशवपन केलेल्या मुलीला शिकायला, राहायला जायचं तर दुसरी जागा कोणती होती? विधवांसाठीची कर्व्यांची अनाथबालिकाश्रम मंडळी निघाली ती १८९६ मध्ये, आणि आपल्याकडे धर्मांतराचा संशय कोणाला येऊ नये याची काळजी त्यांनी पहिल्यापासून घेतली, कारण शारदा सदनाचं काय झालं ते त्यांनी घरातूनच पाहिलं होतं.