ओल्या कापसाची उपमा आणि अकोला-वरोरा

घरात कोणी मराठी घेऊन एम.ए. करत असेल, तर त्या अभ्यासाचा निम्मा भार घरच्या वडीलधाऱ्या माणसावर पडतो, ही गोष्ट कोणत्याही प्रवेश अर्जात छापलेली नसते. घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात काव्यशास्त्राची शिकवणी घेणारे कोणी नाही. त्यामुळे रात्रीची जेवणे झाल्यावर पुस्तक हातात धरून कन्येचे पाठांतर ऐकण्याचे आणि मधूनमधून ‘हं, पुढे’ म्हणण्याचे काम माझ्याकडे आले. ज्याच्या हातात पुस्तक तो परीक्षक, असा जगाचा रिवाज आहे. आमच्या घरी मात्र पुस्तक माझ्या हातात असते आणि प्रश्न ती विचारते. ‘बाबा, सांगा पाहू, उत्प्रेक्षा अन् अपन्हुतीत फरक काय?’ असा सवाल आला, की दिवसभर निंदण करून आलेला माणूस ज्या चेहऱ्याने आढ्याकडे पाहतो, त्याला काव्यशास्त्रात कोणता अनुभाव, म्हणजे मनातला भाव दाखवणारी अंगावरची खूण, म्हणतात, ते अजून आमच्या अभ्यासक्रमात आलेले नाही.

माझी तक्रार मूळ आचार्यांविषयी नाही. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अलंकार अवघे चार आहेत: उपमा, रूपक, दीपक आणि यमक. एवढ्या भांडवलावर नाटके होत होती, प्रेक्षक रडत होते, हसत होते, आणि कोणाचे काही अडत नव्हते. पुढच्या मंडळींना मात्र चैन पडेना. भामह, दंडी, मम्मट अशी एकेकाने भर घालत नेली आणि सोळाव्या शतकात अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदापर्यंत पोहोचता पोहोचता ही संख्या शंभराच्या पलीकडे गेली. वडिलोपार्जित वावराचे भावाभावांत तुकडे पडत जावेत, तसे एका उपमेचे तुकडे पडत गेले आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा सातबारा निघाला. मुख चंद्रासारखे आहे, ही उपमा. मुख म्हणजे जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. मुखचंद्र म्हटले की रूपक. हे मुख नव्हेच, हा चंद्र आहे, ही अपन्हुती. हे मुख की चंद्र, असा घोळ पडला तर ससंदेह. चंद्र समजून चकोर खरोखरच तोंडाकडे उडत आला तर भ्रांतिमान. आणि चंद्रालाही या मुखाची सर नाही असे म्हटले, की व्यतिरेक. एका बाईच्या तोंडावरून इतका कागदोपत्री व्यवहार झाला, पण ती बाई कोण आणि तिचे यावर म्हणणे काय, हे एकाही आचार्याने नोंदवलेले नाही.

हे सगळे प्रकरण मला घरी कधीच उमगले नाही. ते उमगले कापूस विकायला गेलो तेव्हा. कन्या सोबत होती, कारण तिला शहरातून पुस्तके आणायची होती. व्यापाऱ्याने गाडीच्या फाळक्यातून कोपरापर्यंत हात खुपसला, नेमका तळातला कापूस मूठभर उपसला, तो गालाला लावला, मग त्यातली एक सरकी काढून दाताखाली धरली आणि डोळे मिटले. दातांना काय कळले ते दातांनाच ठाऊक, परंतु त्यानंतर त्याच्या मुखातून जे बाहेर पडले ते निखळ काव्यशास्त्र होते.

‘कापूस ओल्या फडक्यावानी गार लागून रायला, भाऊ,’ तो म्हणाला आणि भाव शंभराने उतरला. कन्येने माझ्या कानात सांगितले, की कापूस हे उपमेय, फडके हे उपमान, गारवा हा साधारण धर्म आणि ‘वानी’ हा साधर्म्यवाचक शब्द, अशी चारही अंगे हजर असल्यामुळे ही पूर्णोपमा झाली. मी कुरकुर केली, तेव्हा तो म्हणाला, ‘जसा काई आत्ताच विहिरीतून काढला!’ ही उत्प्रेक्षा. आणखी पन्नास गेले. मी गाडी परत नेण्याची भाषा केली, तर त्याने मूठ माझ्या नाकाशी धरून सांगितले, ‘हा कापूस होयच नाई, भाऊ, हे पाणी होय.’ उपमेयाचा धडधडीत निषेध करून उपमानाची स्थापना केली, की अपन्हुती होते. तिची किंमत मला फारच जबर पडली. शेवटी निरुपाय होऊन मी म्हणालो, की या कापसासारखा हाच कापूस, दुसरा दाखवा. उपमेयाला उपमेयाचीच उपमा दिली म्हणजे अनन्वय साधतो आणि तो मी शिकवणीवाचून साधला, याचे कन्येला मोठे कौतुक वाटले. व्यापाऱ्याला वाटले नाही. ‘पाणीबी एवढं ओलं नसते,’ असे म्हणून त्याने व्यवहार संपवला, आणि घरी येईपर्यंत आमच्यात वाद चालला तो गेलेल्या पैशांचा नसून, शेवटचे वाक्य व्यतिरेकात बसते की अतिशयोक्तीत, याचा होता.

पुढच्या खेपेला मी कापूस सरकारी खरेदी केंद्रावर नेला. तिथे ओलावा मोजायचे यंत्र असते. ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण हमीभाव, त्यापुढे कपात, आणि १२ च्या वर आकडा गेला तर गाडी परत. यंत्राला उपमा सुचत नाही, ते फक्त अभिधेत बोलते. काव्याच्या दृष्टीने ही मोठी उणीव आहे, पण मला ती चालली. तिथे रांग किती लांब होती, ते सांगायला मात्र मला अतिशयोक्तीचा आधार घ्यावा लागेल, म्हणून सोडून देतो.

अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ सांगणारी शक्ती. तिच्यापुढे लक्षणा आणि व्यंजना अशा आणखी दोन शब्दशक्ती येतात. व्यंजना न बोललेला अर्थ सुचवते. तिच्यासाठी जुन्या ग्रंथांत ‘सूर्य मावळला’ एवढेच वाक्य देतात आणि ते ऐकून गुराख्याला गुरे वळवावीशी वाटतात, कामकऱ्याला काम थांबवावेसे वाटते, प्रियकराला भेटायला जाणाऱ्या अभिसारिकेला निघावेसे वाटते, असे सांगतात. आमच्याकडे सूर्य मावळल्याने कोणाला फारसे काही वाटत नाही. आमच्याकडचे व्यंजनेचे वाक्य म्हणजे ‘लाइन आली’. हिवाळ्यात थ्री फेजची पाळी रात्रीची असली, की शेजारचा भाऊ मध्यरात्री अंगणातून हे दोन शब्द ओरडतो. वीजपुरवठा सुरू झाला, हा त्यातला वाच्यार्थ कोणाच्याच कामाचा नसतो. मला त्यातून हरभऱ्याला पाणी आणि पायाला थंडी ऐकू येते. घरातून बायकोचा टॉर्च पुढे होतो, कारण तिला त्यात साप ऐकू आलेला असतो. आणि ज्या शेजाऱ्याच्या वावरातून माझा पाइप जातो, त्याला त्यात उद्या सकाळचे भांडण ऐकू येते. कन्येने हे उदाहरण वहीत उतरवून घेतले, पण परीक्षेत लिहिणार नाही म्हणाली. पेपर तपासणारे शहरात राहतात, त्यांना यातला नुसता वाच्यार्थ पोहोचेल.

भांडणावरून वैदर्भी आठवली. काव्यरचनेच्या रीतींत वैदर्भी श्रेष्ठ मानली गेली आणि कालिदासाला तिचा राजा म्हणतात, हे कळल्यावर विदर्भात जन्मल्याचा मला प्रथमच काही शास्त्रोक्त लाभ झाला. दंडीने या मार्गाचे दहा गुण सांगितले आहेत. कन्या ते मोठ्याने म्हणत होती, श्लेष, प्रसाद, समता, माधुर्य, सुकुमारता, आणि त्याच वेळी दोन भाऊ आमच्या दारासमोर धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, अस्सल वैदर्भीत एकमेकांचा उद्धार करत होते. मी लक्ष देऊन ऐकले. सुकुमारता वगळता बाकीचे गुण थोड्याफार प्रमाणात आढळले. अर्थव्यक्ती तर इतकी, की आमच्या घरच्या बायका आत निघून गेल्या.

खरी कसोटी मात्र वृत्तांची. त्यांत चरण म्हणताना मधे थांबायच्या जागेलाही नाव आहे, यती. गण लक्षात ठेवायला ‘यमाताराजभानसलगा’ अशी एक साखळी आहे. जो गण हवा, त्याच्या अक्षरापासून सलग तीन अक्षरे घ्यावीत आणि त्यांचे लघु-गुरू पाहावेत: ‘यमाता’ म्हणजे लघु-गुरू-गुरू, झाला यगण. ही किल्ली एकदा हाती आली, की माणसाचे डोके ठिकाणावर राहत नाही. मी एसटीच्या स्टँडवर पाट्यांचे गण पाडू लागलो. घाटंजी तिन्ही गुरू, म्हणजे मगण. चिखली सगण, वाशीम तगण. दारव्ह्याने मात्र पेच घातला. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू होते, म्हणून ‘र’ गुरू धरावा, तर उच्चारात त्यावर आघात येत नाही. तेव्हा तो लघुच आणि दारव्हा रगण, असा निवाडा कन्येने दिला. शेजारी बसलेले एक दारव्ह्याचे गृहस्थ आपल्या गावाविषयी काय बोलणे चालले आहे म्हणून चौकशी करू लागले, तेव्हा आम्ही विषय बदलला.

त्याच पाट्यांत मला घबाड सापडले. अकोला यगण, आणि वरोराही यगण! चार यगण ओळीने आले, की बारा अक्षरांचे भुजंगप्रयात होते, ज्यात समर्थांनी मनाचे श्लोक रचले. ‘अकोला वरोरा अकोला वरोरा’ हा चरण मात्रेचाही दोष नसलेला, शुद्ध, आणि ‘मना सज्जना’च्या चालीवर म्हणता येणारा निघाला. घरी येऊन मी तो आईला म्हणून दाखवला, कारण मनाचे श्लोक तिच्या रोजच्या पाठात आहेत. तिने डोळे मिटून पूर्ण ऐकला, दोनदा म्हणायला लावला आणि विचारले, ‘एवढ्या लांब जाऊन रायली बस, तं मधात चहाले कुठी थांबते?’

कन्या आतून ओरडली, ‘बाबा, आजी यती विचारून रायली!’