आधी तिथी, मग तिकीट

फ्रान्समधल्या सँ-मालोचे फोटो टाकल्यापासून इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतोय, "प्लॅनिंग कसं केलंत? हॉटेल कुठलं? पॅकेज होतं का?" प्रत्येकाला वेगळं लिहून बोटं दुखली, म्हणून इथे एकदाच लिहिते. लांबण लागेल. चहा घेऊन बसा.

भाचा पॅरिसला असतो. त्याच्याकडे आठ-दहा दिवस जायचं ठरलं, तेव्हा घरात दोन तट पडले. नवऱ्याच्या मते एवढं जातोय तर स्वित्झर्लंड, अॅमस्टरडॅम, जमलं तर रोम. एका टूरवाल्याने अकरा दिवसांत सहा देशांचा कागदही हातात ठेवला होता. त्यात एका शहराच्या पुढे "फोटो स्टॉप, ४० मिनिटे" असं लिहिलं होतं. मी म्हटलं, मला एक समुद्रकाठचं गाव हवंय, तीन रात्री, आणि त्या तीन रात्रींत दुसरं काही नको. नवरा म्हणाला, "अलिबागची ना तू, समुद्र काय कमी पाहिलास?"

कमी नाही पाहिला, म्हणूनच तर. माझं माहेर अलिबाग. कुलाब्याच्या किल्ल्यात ओहोटीला चालत जायचं आणि भरतीच्या आत परत यायचं, हे आम्हाला पाढ्यांच्या आधी शिकवलेलं. मामा सांगायचा, तिथीची पाऊणपट कर, भरतीची वेळ मिळेल. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि बाराला सुकती (ओहोटी), दुपारी खुशाल किल्ल्यात जा. पुनवेला नि अवसेला बाराच्या सुमाराला भरती, तेव्हा किल्ला पाण्यात. घड्याळापेक्षा कालनिर्णयावर चालणारं हे गणित.

सँ-मालो निवडलं ते याच गणितामुळे. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांताच्या उत्तर किनाऱ्यावरचं हे तटबंदीचं गाव. युरोपातल्या सगळ्यात मोठ्या भरत्या ज्या थोड्या ठिकाणी येतात, त्यांतलं एक. अटलांटिकचं पाणी इंग्लिश खाडीत शिरतं, पुढे कोतांताँचं द्वीपकल्प आडवं येतं आणि त्या उथळ उपसागरात पाणी चढत जातं. मुंबईला साडेचार मीटरच्या वर भरती येणार म्हटलं की पेपरात चौकट छापून येते. तिथे मोठ्या उधाणाला तोच आकडा बाराच्या पुढे जातो. आणि सहा तासांनी तेच पाणी एवढं मागे सरतं की सकाळी जिथे बोटी झुलत होत्या तिथे दुपारी पोरं फुटबॉल खेळतात.

तर माझं मत असं, की सँ-मालोला जायचं असेल तर हॉटेल, रेल्वे, विमान हे सगळं नंतर. पहिला कागद भरती-ओहोटीच्या तक्त्याचा. फ्रेंच लोकांनी यात एक फार सोयीची गोष्ट करून ठेवली आहे. प्रत्येक भरतीला ते एक गुणांक देतात, वीसपासून एकशेवीसपर्यंत. सत्तरच्या आसपास म्हणजे साधारण भरती, चाळीस म्हणजे आपला भांग (कमी चढउताराची भरती), शंभरच्या वर म्हणजे उधाण. हे तक्ते कितीतरी आधी छापून तयार असतात. चंद्र काही ऐनवेळी बेत बदलत नाही. भांगाच्या दिवसांत तिथे गेलात तर चांगलं गाव दिसेल, चांगलं जेवाल, आणि ज्यासाठी जायचं ते न बघता परत याल. आम्ही भेटलेल्या एका भारतीय जोडप्याचं आधीच्या खेपेला नेमकं असंच झालं होतं, म्हणून ते पुन्हा आले होते.

सगळ्यात मोठी उधाणं मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या जवळ येतात, पुनव-अवसेनंतर एखाद-दीड दिवसाने. सप्टेंबरातली पुनव म्हणजे बहुतेकदा भाद्रपदातली. म्हणजे गणपतीचं विसर्जन झालं की लगेच. घरचा गणपती पोचवला आणि दुसऱ्या दिवशी विमानात बसलो. आत्याबाईंनी फोनवर ऐकवलंच, "पितृपक्षात कुठे निघालात गं?" मी म्हटलं, आत्या, समुद्रही पितृपक्षच पाळतो. त्यांना ते आवडलं नाही.

सप्टेंबरचे दुसरे फायदेही आहेत. १ सप्टेंबरच्या सुमाराला फ्रान्समधल्या शाळा उघडतात, ऑगस्टची जत्रा ओसरलेली असते. पाणी त्यातल्या त्यात कोमट असतं (त्यांच्या मापाने कोमट, मी गुडघ्यापर्यंत गेले आणि परत आले). फक्त उधाणाच्या दिवसांत समुद्राकडच्या खिडक्या फ्रेंच लोक स्वतःच आधी अडवून ठेवतात, कारण सियोंच्या लांबलचक किनाऱ्यावर भरतीच्या लाटा धक्क्यावर आदळून थेट घरांच्या खिडक्यांपर्यंत उडतात आणि ते बघायला गर्दी होते. त्या लाटा मोडायला किनाऱ्यावर ओकच्या ओंडक्यांची रांगच्या रांग उभी केली आहे, एकोणिसाव्या शतकापासून. ओहोटीला त्यांच्यामधून चालताना झाडं नसलेल्या जंगलात शिरल्यासारखं वाटतं.

व्हिसाबद्दल थोडक्यात. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पंधरा दिवसांच्या आत आलं तर घेत नाहीत. मोठ्यांना शुल्क ९० युरो, सेवाशुल्क वेगळं. विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही, आम्ही मे महिन्यातच लागलो मागे. व्हिसा हातात येईपर्यंत हॉटेल रद्द करता येईल असंच घ्या. यापेक्षा जास्त मला लिहायचं नाही, त्या फाइलने माझे दोन रविवार खाल्ले.

पॅरिसच्या मोंपारनास स्टेशनातून सँ-मालोला थेट टीजीव्ही (वेगवान गाडी) जाते, सव्वादोन-अडीच तास. थेट नसेल तर रेन या शहरात गाडी बदलायची. २०१७ मध्ये नवा वेगवान मार्ग झाल्यापासून पॅरिस-रेन दीड तासाच्या आत होतं, तिथून लोकलसारख्या गाडीने आणखी तासभर. तिकिटं लवकर काढली की स्वस्त, ऐनवेळी डोळे पांढरे होतात. विमानातून उतरून त्याच दिवशी पुढची गाडी पकडायचा हट्ट करू नका. विमानतळ शहराच्या एका टोकाला, मोंपारनास दुसऱ्या. आम्ही भाच्याकडे एक रात्र झोपलो, मगच निघालो.

राहायचं कुठे? सगळे सांगतात तटाच्या आत राहा. मी सांगेन, एकदा सामान लावलं की दिवसातून चार वेळा तट चढता यायला हवा, एवढंच बघा. तटावरचा पूर्ण फेरा दोन किलोमीटरच्या आतला आहे आणि फुकट आहे. तोच रस्ता सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री नऊला वेगवेगळा दिसतो, कारण खालचा नकाशाच बदललेला असतो.

आणि इथे मामाचं गणित उलटं पडलं. अलिबागला पुनवेच्या दुपारी किल्ला पाण्यात असतो. सँ-मालोत उधाणाच्या दिवसांत भरती सकाळी आठ-नऊला आणि रात्री आठ-नऊला, ओहोटी भर दुपारी. प्रवाशाला याहून सोयीचं काय? सकाळी लाटा, दुपारी समुद्राच्या तळावर फिरणं, जेवून पुन्हा लाटा. दुपारी गावातली माणसं गमबूट घालून, बादल्या आणि लहान दाताळी घेऊन खडकांत शिंपल्या शोधायला उतरतात. आमच्याकडे तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला बायका वाकलेल्या असतात, तश्शाच.

पहिल्या दुपारी आम्ही ग्राँ बे बेटावर चालत गेलो. तिथे शातोब्रियाँची समाधी आहे. हा मोठा फ्रेंच लेखक सँ-मालोतच १७६८ मध्ये जन्मला, १८४८ मध्ये गेला, आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला इथे समुद्राकडे तोंड करून पुरलं. समाधीवर नाव नाही. जवळच्या पाटीवर एवढंच, की एका थोर लेखकाला इथे फक्त समुद्र आणि वारा ऐकत पडून राहायचं होतं, वाटसरू, त्याची शेवटची इच्छा राख. आम्ही पोचलो तेव्हा पाच-सहा माणसं सेल्फी काढत होती, पण वारा इतका होता की कुणाचंच कुणाला ऐकू येत नव्हतं. इच्छा आपोआप पाळली गेली.

परत फिरायची वेळ मी मनाशी ठरवून ठेवली होती. नवरा "अजून पाणी कुठे आहे" म्हणत खडकावर बसून राहिला. पाणी सारख्या वेगाने चढत नाही, हे कोकणातल्या माणसाला तरी माहीत असायला हवं (आमचे हे पुण्याचे). पहिल्या तासात थोडं, दुसऱ्यात जास्त, तिसऱ्या-चौथ्या तासात सपाटून. एकूण चढाच्या जवळजवळ निम्मं पाणी त्या दोन तासांत येतं. बारा मीटरची भरती असेल तर तासाला तीन मीटर, म्हणजे घराचा एक मजला. दगडी वाट एकदा बुडाली की बेटावरच थांबायचं, सहाएक तास, पाण्यात पाय घालायचा नाही. मी त्यांना हाताला धरून उठवलं. आम्ही काठाला लागलो आणि अर्ध्या तासाने वाट नव्हती. तेव्हापासून तक्ता त्यांच्याच खिशात होता.

शेजारचा फोर नास्योनाल हा किल्ला, व्होबाँ या फ्रेंच किल्लेबांधणीकाराच्या काळातला, १६८९ चा, तोही असाच ओहोटीला चालत जायचा. वर झेंडा असेल तर उघडा. तो बघून मला कुलाबाच आठवला, फक्त टांगे नव्हते.

तटावर सुर्कूफचा पुतळा आहे, समुद्राकडे बोट दाखवणारा. १८०० मध्ये या माणसाने बंगालच्या उपसागरात आपल्या लहानशा जहाजाने ईस्ट इंडिया कंपनीचं 'केंट' हे मोठं जहाज पकडलं. इंग्रज त्याला समुद्री चाचा म्हणत, सँ-मालोवाले मानाने कोर्सेर, म्हणजे सरकारी परवान्याने शत्रूची जहाजं पकडणारा, म्हणतात. आमच्या गावातही एकाची समाधी आहे, ज्याला इंग्रज चाचा म्हणत आणि आम्ही सरखेल कान्होजी आंग्रे म्हणतो. १७४६ मध्ये मद्रास जिंकून घेणारा ला बुर्दोनेही याच गावचा. अलिबागच्या पोरीला तिथे परकं वाटायचं काही कारणच नव्हतं.

एक गोष्ट मात्र फोटोंत कळत नाही. ते जुनं गाव फारसं जुनं नाही. ऑगस्ट १९४४ मध्ये अमेरिकी वेढ्यात, तोफा-बॉम्ब आणि आगीत तटाच्या आतला सुमारे ८० टक्के भाग संपला. तट बराचसा टिकला. पुढची कित्येक वर्षं लोकांनी ग्रॅनाइटचे दगड रचून गाव पुन्हा उभं केलं, जुन्याच्या वळणावर. हे कळल्यावर काही जण नाराज होतात, "म्हणजे खोटंच की!" मला उलट त्या भिंतींबद्दल जास्त माया वाटायला लागली.

जेवणाचं. गालेत म्हणजे कुट्टूच्या पिठाचं आपलं धिरडंच, पातळ, कडा कुरकुरीत. नेहमीच्या गालेतमध्ये अंडं, चीज आणि हॅम असतं, तेव्हा शाकाहारींनी "सां जांबों" हे दोन शब्द पाठ करावेत. मश्रूम-चीजचं मिळतं. सोबत वाडग्यातून सफरचंदाचं सिद्र पितात. त्यात दारू असते, मग "मला हे कळलं नव्हतं" असं नवऱ्याने सांगू नये. कुईन आमान नावाचा लोण्या-साखरेचा गोड प्रकार अर्धाच घ्या. आणि दुपारचं जेवण बारा ते दोन. आम्ही पहिल्या दिवशी अडीचला गेलो, तीन ठिकाणी स्वयंपाकघर बंद, शेवटी बाकावर बसून घरून नेलेला चिवडा. चिवडा नेहमी न्यावा.

मासे खाणाऱ्यांनी एका दुपारी बसने कांकालला जा. धक्क्यावर टपऱ्यांत कालवं उघडून ताटात देतात, वर लिंबू. कठड्यावर बसून खायची आणि शिंपले खाली किनाऱ्यावर फेकायचे, तीच तिथली रीत. समोर कालवांच्या शेतांच्या रांगा, त्याही ओहोटीलाच दिसतात.

आता ज्यावरून कमेंटमध्ये भांडण होणार ते. मों सँ-मिशेल, म्हणजे बेटावरचा तो जुना मठ, आम्ही नाही केलं. पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे, बस जाते, जगप्रसिद्ध आहे, मान्य. पण त्यात एक अख्खा दिवस जातो आणि हातात दिवस दोनच होते. त्याऐवजी आम्ही लाँचने दहा मिनिटांत दिनारला गेलो आणि येताना राँस नदीच्या मुखावरच्या धरणावरून आलो. १९६६ पासून तिथे भरती-ओहोटीवर वीज तयार होते, २४ टर्बाइन, २४० मेगावॉट. नवरा इंजिनिअर, त्याने तिथे दीड तास काढला आणि सबंध सहलीत पहिल्यांदा स्वित्झर्लंडचं नाव घेतलं नाही.

शेवटच्या रात्री बोंसकूरच्या किनाऱ्यावर होतो. तिथे १९३७ चा एक समुद्राच्या पाण्याचा तलाव आहे, भरती दर वेळी तो भरून जाते. दुपारी त्यात पोरं उड्या मारत होती. रात्री तलाव कुठे आहे ते कळेना, नुसती उडी मारायची फळी पाण्यातून वर आलेली, आणि तिच्यावर एक समुद्रपक्षी.

ज्यांना खरंच जायचंय त्यांनी आधी महिना कळवा. हॉटेलचं मला विचारू नका, तिथी बघून सांगते.