पाच किलो धान्यावर कोणी आळशी होत नाही

"80 कोटी लोकांना फुकट धान्य देऊन सरकारने आळशी करून ठेवलंय. म्हणून शेतात मजूर मिळत नाही, घरकामाला बाई मिळत नाही. आणि हे सगळं तुमच्या-आमच्या करातून!" हा मेसेज तुम्हालाही आला असेल. मला तीन ग्रुपवर आला, मी सोडून दिला. पण परवा आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशींनी पाचशे रुपये वाढवून मागितले, आणि कधी कोणाचा पैसा न बुडवलेली माझी आई त्यांना म्हणाली, "अहो, तुम्हाला आता सगळं धान्य फुकटच मिळतं ना?" मावशी काही बोलल्या नाहीत. कणीक मळत राहिल्या. म्हणून हे लिहितेय.

हे "सगळं धान्य" म्हणजे किती? 2013च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे माणशी महिन्याला 5 किलो. सगळ्यांत गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर घरटी 35 किलो, पण ती कार्डं थोड्यांचीच. 5 किलोला 30 दिवसांनी भागा: दिवसाला 166 ग्रॅम. पाच-सहा पोळ्या. तेल नाही, डाळ नाही, गॅस नाही, घरभाडं नाही, पोरांची फी नाही.

आणि फुकट होण्याआधी हेच धान्य कितीला मिळत होतं? गहू 2 रुपये किलो, तांदूळ 3 रुपये किलो. म्हणजे जानेवारी 2023 पासून ते फुकट झालं तेव्हा माणशी वाचले महिन्याला दहा ते पंधरा रुपये. शिवाय कोरोनाच्या काळात जे जादा 5 किलो मिळत होतं, तेही त्याच वेळी बंद झालं. पंधरा रुपये वाचले म्हणून कोणी चार घरची कामं सोडतं का? मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी एकानेही हा हिशोब केलेला नाही.

आता आळशीपणा. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाची श्रमशक्ती पाहणी दरवर्षी निघते. पंधरा वर्षांवरच्या शंभर जणांत 2017-18 मध्ये सुमारे 47 जण काम करत होते. 2023-24 मध्ये, म्हणजे कोरोनातलं जादा धान्य फुकट मिळू लागल्यापासून चारेक वर्षांनी, 58. ग्रामीण बायकांमध्ये कामात असलेल्या किंवा काम शोधणाऱ्या 2017-18 ला शंभरात पंचवीसही नव्हत्या, 2023-24 ला 47च्या वर गेल्या. यात घरच्या शेतात बिनपगारी राबणाऱ्याही मोजल्यात, हे मान्य. पण बिनपगारी राबणाऱ्या बाईला आळशी कोणत्या तोंडाने म्हणायचं? रेशन मिळतंय त्या वर्षांत लोक जास्त कामाला लागलेत, कमी नाही.

आकडे नको असतील तर बीडकडे बघा. कार्ड घरात असूनही दिवाळीनंतर नवरा-बायकोचा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी जोडी, ट्रॅक्टरमागे बसून सहा-सहा महिने ऊसतोडीला जातो. एक दिवस खाडा झाला तर पैसे कापतात. घरी बसून भागलं असतं तर पहाटेच्या थंडीत मोळ्या बांधायला कोण गेलं असतं?

मजूर मिळत नाहीत, हे मात्र खोटं नाही. मेसेज टाकणारा माझा मामाच कांदा करतो. लागवड सगळ्या गावाची एकाच आठवड्यात येते, बायका टेम्पोत बसून जिथे उक्त्याचा भाव चांगला तिथे जातात, पोरं चाकणला कंपनीत लागलीत. मामाला मजुरी वाढवायची असली तरी कशाच्या जिवावर वाढवणार? डिसेंबर 2023 मध्ये ऐन हंगामात कांद्याची निर्यात बंद झाली, भाव पडला. मामाचा राग खरा आहे. तो रेशनकार्डावर काढून काही हाती लागणार नाही.

कराचं म्हणाल तर मोबाइलच्या रिचार्जवर मावशीही 18 टक्के जीएसटी भरतात, पेट्रोलवरचा कर त्यांचा मुलगा भरतो. काहीजण रेशनचा तांदूळ विकतात, खरंय. ज्या घरात भाकरी खातात तिथे तांदूळ विकून ज्वारी आणतात. खोटी कार्डं असतील तर ती रद्द करा, माझी ना नाही.

मावशींचा अंगठा मागच्या महिन्यात रेशन दुकानातल्या मशीनवर लागेना. भांडी घासून घासून रेषा पुसल्यात. तीन खेपा घातल्या, प्रत्येक खेपेला एका घरचं काम चुकलं. चौथ्या वेळी मुलाला घेऊन गेल्या, त्याचा अंगठा लागला तेव्हा धान्य मिळालं. हे त्यांनी आईला सांगितलं ते आई बोलून गेल्यावर दोन दिवसांनी, तेही मी विचारलं म्हणून.

आईने या महिन्यापासून पाचशे वाढवलेत. मामा, तुम्ही तो मेसेज ग्रुपवरून काढा.