यमकांपलीकडचा पोर्टर

अमेरिकी गीतकार-संगीतकार कोल पोर्टरच्या विनोदी गाण्यांच्या मैफलीवरचा लेख आवडला, पण ‘हलकीफुलकी करमणूक’ हा शेरा काही पटला नाही. ‘मिस ओटिस रिग्रेट्स’ ऐका. बाईसाहेब आज जेवायला येऊ शकणार नाहीत, असा अदबशीर निरोप. आणि कडव्यागणिक कळत जातं की त्यांनी प्रियकराला गोळी घातली, मग जमावानं त्यांनाच फासावर लटकवलं! हसावं की गप्प बसावं? शब्द आणि चाल एकाच माणसाची असल्याशिवाय हे साधत नाही. बाकी १९३४च्या ‘यू आर द टॉप’मध्ये तर या पठ्ठ्यानं महात्मा गांधींचं यमक चक्क ब्रँडीशी जुळवलंय. दारूबंदीवाल्या बापूंचं! गायकानं मात्र शब्द स्पष्ट उच्चारायला हवेत, नाहीतर सगळी गंमत वाया.