अथासला टँकर येत नाही

आकडे बदलायला एक रात्र पुरते. पाणी बदलायला चार रविवार जातात. डार्क सनसारखं जुनं सेटिंग नव्या नियमांत आणायला निघालेल्या माणसाला हे आधी कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो.

डंजन्स अँड ड्रॅगन्स म्हणजे टेबलाभोवती बसून, फासे टाकत, गोष्टीतली पात्रं होऊन खेळायचा खेळ. डार्क सन हे त्याचं १९९१ सालचं जग. नाव अथास. जादूने जमिनीची राख झालेली, लोखंड दुर्मिळ, देव कुणी नाहीत आणि पाण्यावरून मुडदे पडतात. इतर ठिकाणच्या टेबलावर ही कल्पनारम्य गोष्ट ठरते. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या लातुरात ती समजावून सांगावी लागत नाही. इथले खेळाडू जादूगार-राजाचं वर्णन ऐकून घेतात आणि विचारतात, "ते सगळं ठीक हाय भाऊ, गावात बोअर किती फुटावर लागलंय?"

पण आधी आकडे, कारण नवखा डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, तिथेच पहिला आपटतो. जुनं पुस्तक १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीसाठी लिहिलेलं. त्यात आर्मर क्लास, म्हणजे एसी, जितका कमी तितकं माणसाला फटका लागणं अवघड. शिवाय थॅको नावाची एक उलटी मोजणी: एसी शून्य असलेल्याला फटका लागायला फाशावर किती पडावं तो आकडा. सूत्र सोपं: वीसातून जुना एसी वजा केला की नवा एसी, वीसातून थॅको वजा केला की हल्ल्याचा बोनस. हे कळल्यावर माणूस पहाटे तीनपर्यंत वजाबाक्या करत बसतो.

नमुन्याला ओगर नावाचा राक्षस घ्या. जुना ओगर: एसी ५, हिट डाईस ४+१ (आठ बाजूंचे चार फासे अधिक एक, तेवढा त्याचा एचपी म्हणजे जीव), थॅको १७, हाताने मारला तर १ ते १० नुकसान. सूत्राने नवा झाला एसी १५, बोनस +३, एचपी सरासरी १९. आता २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला ओगर बघा: एसी ११, बोनस +६, एचपी ५९, सोट्याचा एक फटका सरासरी १३. म्हणजे आपण रात्र जागून जो तयार केला तो लागायला अवघड, मारायला दुबळा आणि लागलाच तर दोन-तीन घावांत आडवा. पाचव्या आवृत्तीने एसी आणि बोनस मुद्दाम लहान ठेवलेत, चिवटपणा सगळा एचपीत भरलाय. म्हणून राक्षसाचं भाषांतर करूच नये. नव्या पुस्तकातला साधारण तेवढ्याच ताकदीचा प्राणी उचलायचा, कातडं बदलायचं, जुन्याची जी एक खोड लोकांच्या लक्षात असते तेवढी लावायची.

सेव्हिंग थ्रो, म्हणजे संकटातून वाचायला टाकायचे फासे, पूर्वी पाच प्रकारचे होते, आता सहा. विष आणि मरण कॉन्स्टिट्यूशनला (काटकपणा), आगीचा फुत्कार डेक्स्टेरिटीला (चपळाई), बाकी तारतम्याने. जुन्या सापळ्यांना डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, नसतो. साध्याला १३ आणि बेरक्याला १५ लिहून मोकळं व्हावं.

हाडाच्या आणि लाकडाच्या शस्त्रांची जुनी वजावट मात्र तशीच आणू नका. पाचव्या आवृत्तीत पहिल्या लेव्हलला प्रोफिशिअन्सी बोनसच, म्हणजे शिकलेल्या कसबाचा बोनसच, मुळात +२. त्यातून दोन कापले तर तो लढवय्या आजवर काय शिकला? त्यापेक्षा फाशावर १ पडला की शस्त्र मोडलं, एवढं पुरे. खेळाडूही एकाऐवजी तीन सोटे बाळगायला शिकतात.

आता पाणी. २०१४ च्या नियमात माणसाला दिवसाला एक गॅलन, ऊन असेल तर दोन. अथासवर ऊन नसेल असा दिवस नाही, तेव्हा दोन. म्हणजे साडेसात लिटर, अर्धा हंडा धरा. एका पखालीत अर्धा गॅलन मावतं, भरलेलं वजन पाच पाउंड. दिवसाला चार पखाली, दहा दिवसांच्या वाटेला चाळीस, वजन दोनशे पाउंड. स्ट्रेंग्थ (ताकद) १० असलेला माणूस उचलतो दीडशे. पाण्यातच मेला बिचारा, तेही तहानेने. आता त्याला जनावर लागणार, काफिला लागणार, विहिरीवरच्या दांडग्याशी सोयरीक लागणार. हीच तर अथासची मजा.

आणि नेमक्या ह्या क्षणी टेबलाच्या कोपऱ्यातून क्लेरिक, म्हणजे मंत्र टाकणारा पुजारी (इथे देवाचा नव्हे, निसर्गतत्त्वांचा), हात वर करतो. पाणी निर्माण करायचा मंत्र, पहिल्या लेव्हलचा, एका झटक्यात दहा गॅलन. डार्क सनमध्ये पात्रं तिसऱ्या लेव्हलपासून सुरू होतात. तिसऱ्या लेव्हलच्या क्लेरिककडे पहिल्या लेव्हलचे चार स्लॉट, दुसऱ्याचे दोन; एका स्लॉटला दिवसात एक मंत्र. दुसऱ्यात तोच मंत्र वीस गॅलन देतो. चाळीस अधिक चाळीस, ऐंशी. चार माणसांचं दहा दिवसांचं पाणी ह्या पठ्ठ्याने न्याहारीआधी काढलं. चालता-बोलता टँकर, आणि पुढाऱ्याची चिठ्ठीही लागत नाही.

म्हणून पहिल्या रविवारीच तीन गोष्टी पात्रं बनायच्या आत जाहीर कराव्यात. हा मंत्र दहाऐवजी एक गॅलन देईल. गुडबेरी मंत्राच्या बोरांनी पोट भरेल, तहान भागणार नाही. आउटलँडर पार्श्वभूमीवाल्याला, म्हणजे रानात वाढलेल्या पात्राला, आपोआप पाणी सापडत नाही, फासा टाकावा लागेल. नंतर सांगितलं तर भांडण होतं, आणि ते भांडण खेळाडूच जिंकतो, कारण पुस्तक त्याच्या बाजूने असतं.

विश्रांतीत आणखी एक फास आहे. जग खडतर करायचं म्हणून बरेच जण लाँग रेस्ट, म्हणजे पूर्ण विश्रांती, एका रात्रीऐवजी सात दिवसांची करणारा पर्यायी नियम लावतात. नियम चांगला, पण पाण्याबरोबर जुळत नाही. अर्ध्याहूनही कमी पाणी मिळालं की थकव्याची एक पायरी. आधीच थकलेला असेल तर दोन. एक, तीन, पाच, आणि सहावी पायरी म्हणजे मरण, म्हणजे कोरडा माणूस चौथ्या दिवशी संपतो. लाँग रेस्टने उतरते एकच पायरी. तीन पायऱ्या चढलेला गडी तीन आठवडे पडून राहतो आणि तोपर्यंत उरलेले मोबाइल बघत बसतात. रात्रभर झोप आणि पोटभर पाणी मिळालं तर एक पायरी उतरू द्या.

डिफायलरला, म्हणजे झाडापाल्याचा जीव ओढून जादू करणाऱ्याला, जुन्या नियमात लेव्हल लवकर मिळायची, तेच त्याचं आमिष. आता अनुभवाचा तक्ता सगळ्यांना एकच, मग झाडं जाळायची कामून? मी मंत्र फुकटात एक लेव्हल चढवून देतो, बदल्यात भोवतालचा हिरवा पाला गेला आणि शेजारी उभ्या सोबत्याचे थोडे एचपीही. आमिष नसलं तर सगळे सज्जन होतात आणि दुपार कंटाळवाणी जाते.

पाण्याचा हिशेब कागदावर ठेवू नका, कुणी खोडत नाही. टेबलाच्या मधोमध वाटी ठेवा, एक दाणा एक गॅलन. दिवस मावळला की प्रत्येकाने आपल्या हाताने दोन काढायचे. वाटीचा तळ दिसायला लागला की आवाज आपोआप खाली येतात. दाणे तुरीचे घ्यावेत, लातुरात तुटवडा नाही. शेंगदाण्यांचा प्रयोग करू नये. तिसऱ्या तासाला सगळ्यांचं पाणी कुणीतरी खाल्लेलं असतं.